डाव्या कानाची पाळी

मास्टरसाबांना माझं नाव शेवटपर्यंत लक्षात राहिलं नाही. चार वर्षं आमचं कामानिमित्त येणंजाणं होतं, त्यांच्या घरी मी ईदचा शीरखुर्मा खाल्ला, पण दर वेळी ते दारात थबकायचे, माझ्या डोक्याच्या उजव्या बाजूला निरखून बघायचे आणि मग म्हणायचे, "हां, चिमटा कान. तुमीच."

माझ्या उजव्या कानाचं वरचं टोक जन्मापासून कुणी चिमटीत धरून ठेवल्यासारखं आहे. लहानपणी आई वेणी घालताना त्यावर केस ओढून घ्यायची. मोठी झाल्यावर मीही तेच करत आले. फौजदार होऊन गुन्हे शाखेत रुजू झाले त्या पहिल्याच आठवड्यात या गृहस्थांनी भर कचेरीत, चार हवालदारांसमोर, तो कान जाहीर केला. मला राग आला होता. त्यांना तो कळलाही नाही. ते तोवर हवालदाराच्या कानाकडे वळले होते.

ते शहागंजच्या मागच्या एका शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले. साक्षीदारानं सांगायचं आणि त्यांनी संशयिताचं चित्र काढायचं, हे काम ते पोलिसांसाठी कितीतरी वर्षं करत होते. कॉम्प्युटरवर नाक-डोळे जोडणारी सोय आमच्याकडे आली होती, पण तिच्यातून निघणारे सगळे चेहरे एकमेकांचे चुलतभाऊ वाटायचे. म्हणून अवघड प्रकरण आलं की साहेब म्हणायचे, "मास्टरसाबला बोलवा."

बोलवलं की त्यांच्या अटी सुरू व्हायच्या. ठाण्यात बसून चित्र काढणार नाहीत. "इधर तो मैं खुद का नाम भूल जाताव. तो बिचारा गवाह काय सांगल?" साक्षीदाराच्या घरी, अंगणात, नाहीतर एखाद्या बागेतल्या बाकावर बसायचं. वर्दीतलं माणूस समोर नको. जबाब लिहिणारा असेल तर त्यानं पाठ करून बसायचं. मी किती तरी चित्रं अशी भिंतीकडे तोंड करून नुसती ऐकली आहेत. आणि पहिला तासभर चेहऱ्याविषयी अवाक्षर नाही. त्या दिवशी भाजी काय केली होती, उन्हात डोकं दुखत होतं का, पायात चप्पल कुठली होती, हेच. साक्षीदार कंटाळून "अवो, पण त्या माणसाचं—" असं म्हणाला की त्यांची पेन्सिल सुरू व्हायची. सगळ्यात आधी ते कान काढायचे.

"चेहरा तो आदमी बनाता, बेटा. हसतो, रडतो, दाढी ठेवतो. कान के साथ क्या करेगा?"

पेन्सिलीला ते ब्लेडनंच टोक करायचे आणि खोडरबर टोपीच्या घडीत ठेवायचे. सलाम करायला टोपीला हात लावला की रबर खाली पडायचं, आणि मग आम्ही सगळे टेबलाखाली.

मी पोलिसात आले ती रहस्यकथा वाचून, हे मी साहेबांना कधी सांगितलं नाही. सिल्लोडकडच्या आमच्या गावात शाळेच्या कपाटात पातळ, पिवळ्या पानांच्या डिटेक्टिव्ह कादंबऱ्या होत्या. मक्याच्या राखणीला माळ्यावर बसून मी त्या वाचायची. जवळजवळ प्रत्येकीच्या मुखपृष्ठावर खुनी म्हणून एकच माणूस असायचा. रुंद कपाळ, एक भुवई वर, काडीसारखी मिशी. मी त्याला इतकी घाबरायची की पुस्तक पालथं ठेवायची.

मास्टरसाबांच्या घरी पहिल्यांदा गेले तेव्हा त्यांनी खाटेखालून एक गठ्ठा ओढला. तरुणपणी एका छोट्या प्रकाशकासाठी मुखपृष्ठं काढायचो, म्हणाले. सगळ्यात वरच्या कागदावर तो माणूस होता. रुंद कपाळ, एक भुवई वर. मी चक्क एक पाऊल मागं सरकले.

"हा कोण आहे, मास्टरसाब?"

"हमारे हेडमास्तर!" ते खूश होऊन म्हणाले. "मेरेकू बहन की शादी को छुट्टी नै दिये. तवापासून मी त्यांना खुनी केला."

प्रकाशक कादंबरी कधी धाडायचा नाही. नुसतं पोस्टकार्ड यायचं, एक किंचाळणारी बाई, एक पिस्तूल, मागं मोटार. खुनी कोण ते मास्टरसाबांना ठाऊकच नसायचं, मग ते हेडमास्तरांना उभं करायचे. हेडमास्तरांना पत्ताही नव्हता. उलट एकदा तेच स्टाफरूममध्ये ती कादंबरी वाचत बसले होते, स्वतःचं तोंड हातात धरून.

"पण खरा खुनी कोण निघायचा त्यात?" त्यांनी मला विचारलं. इतक्या वर्षांत विचारायला त्यांना कुणी भेटलंच नव्हतं.

मी आठवून सांगितलं, "बहुतेक वेळा वकील."

मास्टरसाब गठ्ठा खाटेखाली सारत म्हणाले, "म्हंजे हेडमास्तर बेकसूर होते."

पुंडलिकनगरचं प्रकरण त्यानंतर वर्षभरानं घडलं.

मे महिना. एकट्या राहणाऱ्या एका निवृत्त शिक्षिकेचा भर दुपारी तिच्याच घरात गळा दाबून खून झाला. हातातल्या पाटल्या आणि मोबाईल गेला. आवाज कुणी ऐकला नाही. साक्षीदार एकच, समोरच्या घरातल्या काकू. त्या गेटाजवळ वाळत घातलेल्या कुरडया गोळा करत होत्या. शिक्षिकेच्या दारातून एक माणूस निघाला, त्यानं क्षणभर काकूंकडे बघितलं आणि तो कोपऱ्यावरून वळून गेला. एवढंच.

मास्टरसाबांना नेलं. काकूंच्या अंगणात लिंबाचं झाड आहे. त्यांनी खुर्ची नाकारली. "नक्को, इथंच बरं," म्हणत ते लिंबाखाली फरशीवर मांडी घालून बसले. मी पाठ करून ओट्यावर, वही मांडीवर. नेहमीप्रमाणं भाजीपासून सुरुवात झाली. कुरडयांचा चीक किती दिवस आंबवला हेही त्यांनी विचारलं. काकू मोकळ्या झाल्या. मग मास्टरसाबांनी हळूच विचारलं, "कान?"

काकू अडखळल्या नाहीत. "डाव्या कानाची पाळी फाटल्याली व्हती बघा. बाळी वढून निघावी तशी. दोन तुकडे."

मला पेन्सिलीचा आवाज ऐकू येत होता. पुढचं नाक, गाल, हनुवटी काकूंनी चाचपडत सांगितलं. दोन तासांनी मास्टरसाबांनी कागद फिरवला तशा काकू किंचाळल्याच. "ह्योच! ह्योच मेला त्यो!"

मीही वळून बघितलं. चाळिशीचा, हडकुळा, थकलेल्या डोळ्यांचा माणूस. हाक मारली तर ओ देईल असा. त्यांनी काढलेलं इतकं जिवंत चित्र मी आधी पाहिलं नव्हतं.

आम्ही आवरायला लागलो तेव्हा काकू आपल्या आपणच म्हणाल्या, "ऊन लई व्हतं ना, डोक्याला पांढरा रुमाल गुंडाळला व्हता त्यानं. असा, कानावरून खाली."

मी ते वाक्य वहीत उतरवून घेतलं. मास्टरसाब "हां हां" म्हणाले आणि कागदावरचा रबराचा चुरा फुंकरीनं उडवत राहिले.

चित्र त्याच संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर गेलं आणि तिसऱ्या दिवशी सिल्लोडहून फोन आला. माणूस पिंजारी होता. सायकलला पिंजण बांधून गावोगाव, वस्तीवस्तीत हिंडायचा, लोकांच्या गाद्यांतला कापूस पिंजून द्यायचा. आमचं पथक त्याला घेऊन आलं. डाव्या कानाची पाळी दुभंगलेली. पुंडलिकनगरात गेला होतास का, विचारलं तर लगेच म्हणाला, "गया था साब. पर आठ दिन पहले. गाद्या करायला." खुनाच्या दिवशी कुठं होतास, तर सिल्लोडातच फिरत होतो, पण त्या दिवशी कुणी काम दिलं नाही. म्हणजे साक्षीला कुणी नाही.

साहेब म्हणाले, "आठ दिवस आधी येऊन घर हेरून गेला. अजून काय पाहिजे?"

मलाही तसंच वाटलं. खोटं कशाला सांगू, मला अभिमान वाटला होता.

साहेबांनी मास्टरसाबांना मुद्दाम बोलावून घेतलं. "बघा, तुमचं चित्र चालत आलं." मास्टरसाब कोठडीच्या गजांपाशी गेले. पिंजारी भिंतीला टेकून बसला होता. त्यांनी त्याला पलीकडे बघायला सांगितलं आणि त्याच्या डाव्या कानाकडे खूप वेळ बघत राहिले. शाबासकीसाठी थांबलेले साहेब शेवटी आत निघून गेले.

बाहेर आल्यावर मास्टरसाब मला म्हणाले, "तुमची वही दाखवा."

मी दाखवली. त्यांनी रुमालाच्या ओळीवर बोट ठेवलं. मग विचारलं, "कान झाकलेला होता, तर काकूंना पाळी कशी दिसली?"

ती ओळ माझ्याच अक्षरात होती.

"मैं सुना था, बेटा," ते म्हणाले. "उसी टाइम सुना था. पण चित्र इतकं चांगलं झालं होतं की... चित्रात रुमाल दाखवला असता तर कान झाकावा लागला असता."

ओळख परेड दोन दिवसांवर आली होती. तिथं काकूंनी त्याला ओळखलं की प्रकरण कोर्टात जाणार, आणि त्या ओळखणार यात शंका नव्हती. मी वही घेऊन साहेबांपुढे उभी राहिले. ते चिडले. "एवढ्या कडेला आणलेलं प्रकरण तुम्ही एका रुमालावर पाडता?" मग बराच वेळ वहीकडे बघून म्हणाले, "जा. पुरवणी जबाब घ्या. पण तोंडात शब्द घालायचा नाही. आणि मास्टरसाबांनी तर बिलकुल नाही."

काकूंनी आम्हाला बघून चहा टाकला. मास्टरसाबांनी मला विचारून घेतलं, खून सोडून बाकी बोललं तर चालेल ना? मी मान हलवली. ते पुन्हा लिंबाखाली बसले. त्या आठवड्यात घरात काय काय चाललं होतं, एवढंच त्यांनी विचारलं. काकूंनी सांगितलं, उन्हाळी कामं. शेवया, कुरडया, तिखट कुटून आणलं, गाद्या भरून घेतल्या.

"गाद्या? कुठं बसला होता भरणारा?"

"हितंच की. तुमी बसलाव तिथंच. सावली हाय ना. दुपारभर पिंजत व्हता. मी वट्यावर शेवया करत बसले व्हते, त्यो असा डावी बाजू माझ्याकडं..."

काकूंचा हात हवेत राहिला. त्यांनी मास्टरसाबांकडे बघितलं, मग झाडाकडे. मी वहीवर पेन टेकवून बसले होते.

"अगं बया," काकू हळू आवाजात म्हणाल्या. "त्यो कान तर पिंजाऱ्याचा हाय."

"आणि समोरच्या दारातून निघाला त्याचा?" मी विचारलं.

"त्याचा कुठं दिसला? डोस्कं बांधल्यालं व्हतं की त्याचं!" त्यांनी तोंडाला पदर लावला. "मी खोटं नाय बोलले वो. देवाची आण. माझ्या डोळ्यापुढं त्योच आला व्हता."

"आप झूठ नै बोले," मास्टरसाब म्हणाले. "दारातला माणूस तुम्ही पाहिला डोळ्याची पापणी लवते तेवढा. याला पाहिलं दुपारभर. मी विचारलं, अन् विचारलं तेबी त्याच्याच जागेवर बसून. मग जो जास्त पाहिला तोच आला."

काकूंना सगळ्यात भीती वाटत होती ती लोकांची. गल्लीत त्यांनी शंभरदा सांगून झालं होतं की मी ओळखला. तरी त्यांनी जबाबावर सही केली. सही करताना एकदाच विचारलं, "त्याला मारलं का वो तुमी लोकांनी?" मी नाही म्हटलं. ते खरं होतं, पण काकूंनी विश्वास ठेवला की नाही ते सांगता येत नाही.

नऊ दिवसांनी पिंजारी सुटला. पुढं महिन्याभरानं त्या शिक्षिकेचा मोबाईल एका दुकानात विकायला आला आणि खरा माणूस सापडला. पाण्याची मोटार दुरुस्त करणारा. गोल चेहऱ्याचा, गुबगुबीत, चित्रात त्याचं काही म्हणजे काही नव्हतं. पाटल्या त्याच्या घरी मिळाल्या. प्रकरण संपलं. साहेबांनी फाईल बांधली.

मास्टरसाबांनी काम सोडलं नाही. फक्त एक नवी अट घातली. चित्र पुरं झालं की मी पूर्ण जबाब मोठ्यानं वाचून दाखवायचा आणि तोवर कागद कुणालाही दाखवायचा नाही. दोनदा त्यांनी तो ऐकून चित्र फाडलं. एकदा साहेबांच्या डोळ्यांदेखत. गेल्या हिवाळ्यात ते गेले. दफनाला गेलो तेव्हा त्यांचे जुने विद्यार्थी इतके होते की शहागंजच्या त्या बोळात उभं राहायला जागा नव्हती.

पण मला ते आठवतात ते सिल्लोडला पाहिले तसे.

झालं असं, की त्याच वर्षी दिवाळीला मी गावी गेले होते. भावानं मोबाईल पुढं केला. "अक्का, ह्यो सापडला का गं?" तेच चित्र. खाली कुणीतरी लिहिलेलं, याच्यापासून सावध राहा, याला दारात उभं करू नका. सहा महिने झाले तरी ते फिरतच होतं. भाऊ म्हणाला, ह्यो सिल्लोडचाच हाय म्हणं, आता त्याला कुणी काम देत नाय.

परत आल्यावर मी मास्टरसाबांना सांगितलं. ते ब्लेडनं पेन्सिलीला टोक करत होते. "वो तस्वीर मेरी है ना?" त्यांनी विचारलं. "मग परत घेता येत नाय?"

मी त्यांना मोबाईलचं सगळं समजावून सांगितलं. एकदा सुटलेलं चित्र हजारो लोकांकडे कसं जातं, ते पुसता येत नाही. ते ऐकत राहिले. त्यांच्या बेगम आतून म्हणाल्या, "सुबह से खाना नै खाये, तुमीच सांगा."

दोन दिवसांनी त्यांचा फोन आला. "तुमची सुट्टी कधी? सिल्लोडला जायचं. वर्दी में आना. आणि घरातली एक गादी आणा."

मला वाटलं मस्करी करतात. तरी गादी घेऊन बसस्टँडवर गेले तर मास्टरसाब एक भलीमोठी गादी सुतळीनं बांधून तिच्यावर बसलेले. कंडक्टर म्हणत होता, हे सामान एसटीत चालणार नाही. मास्टरसाब म्हणत होते, सामान नाही, मरीज आहे, सिल्लोडला इलाजाला न्यायचाय. माझी वर्दी बघून कंडक्टरनं दोन्ही गाद्या मागच्या सीटवर कोंबू दिल्या.

पिंजाऱ्याचं घर विचारत गेलो. त्याच्या बायकोनं वर्दी बघून दार लावून घेतलं. मास्टरसाब दाराबाहेरून म्हणाले, "मैं वो हूं जिसने तस्वीर निकाली."

बऱ्याच वेळानं दार उघडलं. तो उंबऱ्यात उभा राहिला आणि त्यांच्याकडे बघत म्हणाला, "कान तो अच्छा निकाले साब. सब लोगां पहचान लिए."

मास्टरसाबांनी मान खाली घातली. मग त्यांनी पाठीमागची गादी दाखवली. "ये करना है. यहां नै. बाजारात."

बायको आतून नको नको म्हणत होती. शेवटी त्यानं खुंटीवरचं पिंजण काढलं. तार सैल पडली होती, ती बसून पीळ देत ताठ केली.

आठवडी बाजाराचा दिवस होता. भाजीच्या ओळी संपतात तिथं मोकळ्या जागेत त्यानं पोतं अंथरलं. मास्टरसाबांच्या गादीची शिवण उसवली, कापूस हातात घेतला आणि तोंड वाकडं केलं. "ये तो मर गया पूरा. आधा फेकना पडता."

"फेको," मास्टरसाब म्हणाले.

पिंजणाचा आवाज सुरू झाला तशी माणसं थांबायला लागली. जवळ मात्र कुणी येईना. काहींनी मोबाईल काढले. मी एका दगडावर बसले होते. मास्टरसाब त्याच्या शेजारी पोत्यावर, अंगभर कापूस उडून पांढरे झालेले. कुणी बघायला लागलं की ते म्हणायचे, "या, या, बघा. तस्वीर मी काढली होती. गलत काढली होती." हे त्यांनी दिवसभरात किती जणांना सांगितलं असेल, कोण जाणे. शाळेत वर्गाला सांगावं तसं, स्पष्ट, एकेक शब्द सुटा करून.

एका माणसानं मला विचारलं, "मॅडम, परत पकडलं का ह्याला?"

"नाय," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं. "माझी गादी भरायलाय त्यो."

दुपार उलटली. मास्टरसाबांची गादी झाली, माझी अर्धी झाली. बाजार उठायला लागला होता आणि मला वाटत होतं, उगाच आलो, त्या माणसाला उलट चव्हाट्यावर बसवलं. पिंजारीही मान वर करत नव्हता.

मग एक म्हातारी काखेत जुनी दुलई घेऊन आली. गर्दीच्या कडेला थोडी थांबली, माझ्या वर्दीकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं. मग पुढं येऊन विचारलं, "एवढी दुलई करून देतू का रं बाबा आज? थंडी पडायली."

त्याचा हात थांबला नाही. तारेवरचा कापूस झटकत, खाली बघतच तो म्हणाला, "ठेव तिथं, अम्मा. मॅडमची झाली की तुझाच नंबर."